कोठारीण मरू नये म्हणून

मैत्रिणीचं दुसरं पुस्तक आलं तेव्हा मी ते अकोल्यात टॉवर चौकाजवळच्या दुकानातून विकत घेतलं, घरी आणलं आणि त्याला खाकी कव्हर घातलं. शाळेतल्या मुलांच्या पुस्तकांना घालतात तसं, कोपरे नीट दुमडून. सासूबाईंना वाटलं, सुनेला पुस्तकाची किती काळजी! खरं म्हणजे मुखपृष्ठावरचं मैत्रिणीचं नाव मला येताजाता दिसायला नको होतं.

वाचलं मात्र मी ते सगळं. ऑफ तासाला, शिक्षकखोलीत, चहा गार होईपर्यंत. चांगलं होतं. वाईट असतं तर मी तिला त्याच दिवशी फोन करून अभिनंदन केलं असतं.

आम्ही दोघी अमरावतीला एका खोलीत राहत होतो, गाडगेनगरात. ती अकोल्याच्या वकील घराण्यातली. आजोबा वकील, वडील वकील, घरात पुस्तकांची काचेची कपाटं. तिला कायदा शिकायला पाठवलं होतं. मी शेंदूरजनाघाटची. आमच्याकडं कपाटात कपडे असायचे. वडील संत्र्याच्या आडतीवर क्रेट भरायचे आणि ट्रकमध्ये चढवायचे, आई तिथंच फळ निवडायला बसायची. बारीक एकीकडं, मोठं एकीकडं, डागी मागं. मी आमच्या घरातली पहिली बी.ए. माझ्या प्रवेशाच्या दिवशी वडील नवा सदरा घालून कॉलेजात आले होते आणि कार्यालयातल्या शिपायालाही त्यांनी वाकून नमस्कार केला होता. त्या नमस्काराची मला लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही. मला जे मिळालं ते अशा नमस्कारांतून मिळालं.

मैत्रीण इंग्रजीतल्या जाड कादंबऱ्या वाचायची. राजे, किल्ले, फौजा, जादू, आणि दर कादंबरीत कुठलं तरी बंड. माझं इंग्रजी तेव्हा असं होतं की एका पानाला मला संध्याकाळ पुरायची नाही. मग मी भाकरी थापायची आणि ती स्टोव्हशेजारी उकिडवी बसून गोष्ट सांगायची. लढाई आली की उभी राहून सांगायची, लाटणं घेऊन. भाकरी करपली तर दोघी करपलेली खायचो. मला त्या गोष्टी फार आवडायच्या आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचायचं. मूळ पुस्तक तिच्याजवळ होतं. मला मिळायचं ते तिच्या तोंडून, तिला आठवलं तेवढंच.

म्हणून असेल, आपली स्वतःची गोष्ट लिहू या, हे पहिल्यांदा मी म्हटलं. मोबाइलवर कथा वाचायचं एक ॲप होतं, त्यावर कोणीही लिहू शकत होतं. एक प्रकरण तिचं, एक माझं, असं ठरलं.

गोष्ट अशी होती. एका डोंगरी किल्ल्याचा राजा सैन्यात घेतलेल्या प्रत्येकाची सावली काढून घेतो आणि कोठारात ठेवतो. सावली ज्याच्या हाती, त्याचा हुकूम शिपाई मोडत नाही. त्याला जखमेचं दुखत नाही, दमणं कळत नाही, घर आठवत नाही. सावली परत मिळाली की माणूस मोकळा होतो. पण इतक्या वर्षांत जे दुखलं नव्हतं ते सगळं त्या क्षणी एकदम दुखतं. ही अट माझी. आई दिवसभर संत्री निवडून घरी यायची आणि टेकल्याबरोबर कण्हायची. आडतीवर मात्र कधी कण्हायची नाही. त्यावरून मला ते सुचलं असावं.

सरदारकन्या हे मैत्रिणीचं पात्र. बापाच्या विरुद्ध जाऊन बंड उभारणारी, घोड्यावर बसणारी, भाषण करणारी. माझं पात्र कोठारीण. ती सावल्यांच्या कोठाराची राखणदार. कुठली सावली कोणाची, हे तिला अंधारातही ओळखू यायचं. पुढं बंड झालं तेव्हा फौज सरदारकन्येच्या झेंड्याखाली जमली, पण चालली कोठारिणीच्या मागं. आपली सावली कुठं आहे हे तिलाच माहीत, हे शिपायांना ठाऊक होतं. तिला सेनापती कोणी नेमलं नव्हतं. ती होऊन बसली.

आणि एक नियम होता. तो भांडणातून आला. मैत्रिणीनं एकदा तिच्या प्रकरणात माझा एक हेर मारून टाकला. भोळा, पांगळा, सारखा गाणं म्हणणारा माणूस होता. वाचून मला इतका राग आला की मी तिच्याशी बोलणंच टाकलं. स्वयंपाक वेगळा, चहा वेगळा. शेवटी ती राजकमल चौकातून गिला वडा घेऊन आली, पुडा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "अगं, कागदावरचा माणूस होता तो!"

"मंग तुया कागदावरचा मारतीस. माया काहून मारला?"

तेव्हापासून ठरलं की दुसरीचं माणूस मारायचं असेल तर आधी तिला विचारायचं. फोनवर नाही, चिठ्ठीनं नाही. समोर बसून, खायला आणून विचारायचं. ती नाही म्हणाली तर नाही.

हा नियम आम्ही हसत हसत पाळला. वड्याचा पुडा घेऊन ती दारात दिसली की मी आधीच विचारायची, "आता कोन मरून राहिलं वं?"

मग माझं बी.एड. झालं आणि अकोल्याच्या एका शाळेत मी लागले. शिक्षणसेवक म्हणून, पुढं कायम. लग्न झालं. मुलगी झाली. प्रकरणं लांबत गेली, मग थांबली. एके दिवशी तिनं फोनवर विचारलं, "मी एकटीनं पुढं लिहू?" मी लिही म्हटलं. माझ्यासमोर तपासायच्या वह्यांचा ढीग होता, कुकरची शिट्टी होत होती, आणि मला वाटलं होतं की तीही चार दिवसांत सोडून देईल.

तिनं वकिली सोडली. घरचे चिडले, स्थळं परत गेली, ती परतवाड्याला जाऊन राहिली. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिथून मेळघाटचे डोंगर दिसतात म्हणे. सकाळी उठते, लिहिते. दुपारी कोणा वकिलाच्या याचिकेचा मसुदा दुरुस्त करून देते, त्यावर भागतं. पुण्याच्या प्रकाशकानं पहिला भाग छापला, मग दुसरा. वर्तमानपत्रात तिची मुलाखत आली, त्यात ती म्हणाली होती, "स्वातंत्र्याची किंमत मोजल्याशिवाय बंडाची गोष्ट लिहिता येत नाही."

ते वाक्य वाचून मी वर्गावर गेले आणि विनाकारण एका मुलाला ओरडले.

मला तिच्या पुस्तकाचा हेवा होताच. पण त्याहून जास्त तिच्या टेबलाचा होता. तिनं एकदा खोलीचा फोटो पाठवला होता. खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर फक्त लिहायचं सामान. डबा नाही, औषधाची बाटली नाही, मुलीची रंगपेटी नाही. मी तो फोटो मोठा करून करून पाहायची. आणि स्वतःला सांगायची की तिच्या बंडाला मागचं दार आहे. उद्या परतवाडा जमलं नाही तर अकोल्यात जठारपेठेतलं घर आहे, काचेची कपाटं आहेत, रागावलेले का होईना वडील आहेत. मी नोकरी सोडली तर मागं आडत आहे. हे खरंच होतं. पण मी ते ज्या चवीनं स्वतःला सांगायची, ती चव काही बरी नव्हती.

नोकरीबद्दल मी कृतज्ञ आहे, आणि हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. पहिला पगार झाला त्या दिवशी आईनं आडतीवर जायचं बंद केलं. असं असताना, खिडकीशी एकटं बसलेलं एक टेबल पाहून माझ्या पोटात का दुखावं, हे मला कोणाला सांगता आलं नसतं.

एप्रिलमध्ये, परीक्षेचे पेपर तपासणं चालू असताना, ती न कळवता आली. दुपारची वेळ, बाहेर डोळे उघडवत नव्हते. कूलर घुरघुरत होता आणि सासूबाई त्याच्यासमोर आडव्या झालेल्या. दार उघडलं तर ती, ओढणी डोक्याला गुंडाळलेली, परतवाड्याहून बस बदलत आलेली. हातात पुडा. तेलानं कागद पारदर्शक झाला होता.

मला पुडा दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोन?"

ती आत आली, पाणी प्याली, बसली. मग म्हणाली, "कोठारीण."

तिनं पिशवीतून छापील पानं काढून माझ्यासमोर ठेवली. तिसऱ्या भागाचा शेवट होता. किल्ला पडला आहे. आता कोठार उघडायचं. पण सगळ्या फौजेला आपापली सावली परत मिळाली तर वर्षांचं दुखणं एकदम उसळेल आणि निम्मी माणसं तिथंच कोसळतील. तेव्हा कोठारीण पुढं होते, सगळ्या सावल्या आधी स्वतःच्या अंगावर घेते, त्यांचं सगळं दुखणं आपल्या देहात उतरवते आणि मरते. फौज मोकळी होते, कोणाला काही दुखत नाही. उजाडताना सरदारकन्या तिच्या शवाशेजारी उभी आहे आणि तिला स्वातंत्र्याची किंमत कळते.

फार चांगलं लिहिलं होतं. सावल्या एकेक करून तिच्या अंगावर चढतात, त्या जागी माझे डोळे भरून आले. आणि डोळे भरून आल्याचा मला राग आला. ती माझी बाई होती, आणि मला इतकं लिहिता आलं नसतं.

"नाही," मी म्हटलं.

"पूर्ण वाचलंस?"

"पूर्ण वाचलं. नाही."

"अगं, सगळी गोष्ट तिच्याकडंच चालली आहे. दोन भाग झाले. वाचकांना आतून माहीत आहे की ती मरणार."

"वाचकाईले काहून माहीत आहे? कारन दरवेळेस तेच मरते. खालून आलेली, कमी बोलनारी, सगळ्याइचं करनारी. ते मरते आन् घोड्यावरची पोरगी शहानी होते. तूच सांगतल्या होत्या मले त्या गोष्टी, लाटनं घेऊन."

राग आला की मी घरच्या बोलीवर येते, हे तिला माहीत होतं. ती हसली नाही.

"हे बलिदान आहे. तिचा मान आहे त्यात."

"मान तिचा आन् जीव बी तिचाच? तुया सरदारकन्येचं काय गेलं?"

"तिचा बाप गेला, घर गेलं..."

"तिची सावली कधी गहाण होती?"

सरदारांच्या मुलांची सावली राजा घेत नाही, हे दुसऱ्या प्रकरणातच ठरलं होतं. तिनंच लिहिलं होतं.

"दुखनं ज्याचं त्याले घेऊ दे," मी म्हटलं. "मरतीन थोडे, ओरडतीन. पन आपलं आपन घेतीन. सगळ्याइचं दुखनं एका बाईनं घेतलं तं बाकीचे मोकळे कशाचे झाले? ते तं पुन्हा कोनाच्या तरी जिवावरच उभे राह्यले."

आमचा आवाज चढला असावा, कारण तेवढ्यात कूलरसमोरून सासूबाईंनी विचारलं. "कोन कोनाले मारून राह्यलं वं?"

"कोणी नाही, आई. गोष्टीतलं आहे," मी म्हटलं.

"गोष्टीतली का होईना, कोन बाई ते?"

मैत्रिणीनं सांगितलं. थोडक्यात, आवाज चढवून, कारण सासूबाईंना कमी ऐकू येतं. कोठार, चाव्या, फौज. सासूबाई उठून बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चाव्या तिच्याजवळ आहेत आन् तिलेच मारता? मंग घर पाहीन कोन? त्या घोड्यावालीले मारा. तिले काय काम आहे?"

मैत्रीण एवढी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. वडे तिघींनी खाल्ले, सासूबाईंनी चटणी कमी तिखट आहे म्हणून नावं ठेवली. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. निघताना चप्पल घालता घालता ती म्हणाली, "एक विचारू? राग मानू नकोस. हे सगळं तुला खरंच पटतं म्हणून म्हणतेस, की माझं पुस्तक पूर्ण होऊ नये म्हणून?"

दुपारच्या उन्हाचा झोत दारातून आत येत होता. ती उत्तराची वाट पाहत होती, खरोखरच. तिच्या प्रकाशकानं तारीख दिली होती, शेवट अडला होता, आणि मी नाही म्हटलं तर तिला तो मोडावा लागणार होता. एवढ्या वर्षांत तिच्या आयुष्यातलं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या हातात होतं. ते मला आवडत होतं, हे मी नाकारणार नाही.

"जळते मी तुह्यावर," मी म्हटलं. "रोजच जळते. पन त्यानं तुया शेवट खरा होत नाई."

"म्हणजे नाहीच."

"नाहीच."

ती गेली. बसस्टँडपर्यंत सोडायला मी गेले नाही. पेपर उरले होते. तपासायला बसले आणि एकाच उत्तराला दोनदा गुण दिले.

नियम आमचा दोघींचा होता, कुठं लिहिलेला नव्हता. तिनं तो मोडला असता तर मी काय करणार होते? प्रकाशकाला काय सांगणार होते, की गाडगेनगरातल्या खोलीत असं ठरलं होतं? पावसाळा गेला, शाळेत सहामाही झाली, तिचा फोन नाही. मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत राहिले. कधी मला वाटायचं, मारली असेल तिनं. आणि खरं सांगते, कधी कधी मला वाटायचं, मारलीच असली तर बरं. म्हणजे मला तिच्यावर हक्कानं रागावता आलं असतं, आणि नुसत्या हेव्यापेक्षा राग सांभाळायला सोपा असतो.

तिसरा भाग आला तेव्हा मी तो दुकानातच उभं राहून शेवटापासून उघडला.

कोठारीण जिवंत होती. ती कोठाराच्या दारात उभी राहून एकेका शिपायाला त्याची सावली देते. प्रत्येकजण आपलं दुखणं आपण घेतो. कोणी किंचाळतो, कोणी बसल्याजागी रडतो, काही उठत नाहीत. सगळा किल्ला कण्हत असतो. सरदारकन्येला परत घेण्यासारखं काही नसतं. म्हणून ती पाण्याची घागर घेऊन त्या माणसांमधून फिरते, आणि तिच्या लक्षात येतं की ज्याच्यासाठी ती लढली ते तिला कधी मिळणार नाही, कारण ते तिच्याकडून कधी गेलंच नव्हतं. शेवटी कोठारात एकच सावली उरते, सगळ्यात जुनी, सगळ्यात खालची. कोठारिणीची स्वतःची. कोठारीण ती खांद्यावर टाकते आणि पश्चिमेच्या दरवाज्यातून बाहेर पडते.

तिची स्वतःची सावली! मला हे कधी सुचलं नव्हतं. माझी बाई, मी घडवलेली, इतकी वर्षं मी तिला सगळ्यांच्या सावल्या सांभाळायला लावल्या. तिचीही तिथंच पडलेली असेल, हे मला दिसलं नाही. मैत्रिणीला दिसलं. दुकानदार विचारत होता, "मॅडम, बिल करू?" आणि मी पुस्तक छातीशी धरून उभी होते, हेव्यानं अगदी भरून.

वाचकांनी तो शेवट डोक्यावर घेतला. "असा शेवट लिहायला धाडस लागतं," असं एका परीक्षणात आलं. मी ते कात्रण कापलं नाही. पण दोनदा वाचलं.

मग मीच फोन केला. अभिनंदन म्हटलं.

"ती कुठं गेली, असं सगळे विचारतात," ती म्हणाली. "कोठारीण. किल्ल्याबाहेर पडल्यावर."

"मग? चौथ्या भागात सांग."

"मला माहीत नाही. मी खूप प्रयत्न केला. दरवाज्याबाहेर आली की माझी पानं कोरी. असं सगळं दुखणं अंगावर घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कामाला लागणारी बाई मला लिहिता येत नाही गं. चौथा भाग सरदारकन्येचा करते आहे. तू ने तिला. तुझीच आहे. प्रकाशकाशी बोलले मी."

"मला वेळ कुठं आहे?"

"ते तू पाह्य बापा," ती म्हणाली. वऱ्हाडी तिला अजून नीट जमत नाही.

फोन ठेवल्यावर मला जे वाटलं ते आनंदासारखं नव्हतं. इतकं सहज कसं देऊन टाकता येतं माणसाला? मी असते तर दिली नसती. लिहिता आली नसती तरी धरून ठेवली असती. आजवर मी तिच्या टेबलावर, पुस्तकांवर जळत होते. आता तिच्या या देण्यावरही जळू लागले, आणि याला काही औषध नाही असं दिसतं.

शाळा सुटल्यावर मी अर्धा तास शिक्षकखोलीत थांबते. शिपाई खिडक्या लावत येतो, शिक्षकखोलीतल्या सगळ्यात शेवटी लावतो. घरी सांगितलं आहे की उशीर होईल. सासूबाई म्हणाल्या, "ते चाव्यावालीचं लिहून राह्यली का? लिही, लिही. भात मी लावतो."

कोठारीण दरवाज्याबाहेर आहे. अजून उजाडायचं आहे. तिनं सावली अंगावर घेतली आहे आणि तिला सगळीकडं दुखतं आहे, गुडघ्यांत, मनगटांत, पाठीत. मी तिला एका दगडावर बसवलं आहे. रोज वाटतं, आज तिला उठवायचं, आज तिला वाटेला लावायचं, आणि रोज मी एवढंच लिहिते की ती कण्हली. आता ती मोठ्यानं कण्हते. तिला ऐकणारं कोणी जवळ नाही, आणि तिला थांबवणारंही. तिकडं परतवाड्यात मैत्रिणीचं पान एव्हाना भरलं असेल, असं मनात येतं. येऊ देते. मग पुढचं वाक्य लिहिते.